मालिकांमधले न बोललेले प्रसंग

मोगरा_७
भाचीने मागे लागून ‘रिप्लाय १९८८’ बघायला लावली आणि आता संपत आली म्हणून जीव खालीवर होतोय. माहीत नसणाऱ्यांसाठी: कोरियातली २०१५-१६ ची मालिका, एकूण २० भाग. सोलमधल्या सांगमुन-दोंगची एक गल्ली, पाच कुटुंबं आणि त्यांची पोरं. साल ऑलिंपिकचं. खून नाही, कारस्थान नाही, प्लास्टिक सर्जरी करून परत आलेली सून नाही.

दोन प्रसंग डोक्यातून जात नाहीयेत. मालिकेची नायिका दोक-सन, तिची आजी जाते. पोरं घाबरतघाबरत गावी पोचतात, तर बाबा आणि त्यांची भावंडं आल्यागेल्यांबरोबर हसतायत, पितायत, पत्ते कुटतायत. पोरांना कळेना की ही कसली माणसं. मग अमेरिकेतला थोरला भाऊ दारात येऊन उभा राहतो आणि ही सगळी पिकल्या केसांची भावंडं एकमेकांना धरून ढसाढसा रडतात. तोवर एकानेही ‘मला वाईट वाटतंय’ असं म्हटलेलं नसतं.

दुसरा प्रसंग गल्लीतल्याच सन-वू नावाच्या पोराच्या आईचा. ही विधवा, ओढाताणीचा संसार. तिची आई गावाहून येणार म्हणून शेजारणींकडून वस्तू उसन्या आणून घर भरलेलं दाखवते. म्हातारी काही बोलत नाही, फक्त बघते. जाताना गुपचूप पैशांचं पाकीट ठेवून जाते. ते सापडल्यावर मुलगी फोन लावते, आणि त्या फोनमध्ये रडण्यापलीकडे जवळजवळ काही नाही.

आता आपल्याकडे बघा. कुणाला काहीतरी कळतं. ‘धाँ!’ सासूचा चेहरा. ‘धाँ!’ नणंदेचा चेहरा. परत सासूचा, या वेळी जवळून. याला शांतता म्हणत नाहीत, हा वेळकाढूपणा आहे. तर प्रश्न असा, की आपल्या मराठी मालिकांतला, एक अक्षर न बोलता सांगितलेला आणि तुमच्या लक्षात राहिलेला प्रसंग कोणता? आणि असे प्रसंग इतके कमी का?

टकाटक
पॉपकॉर्न घेऊन पहिल्या रांगेत बसलोय.

शेजारीण
‘आई कुठे काय करते’चे सुरुवातीचे महिने आठव गं. मधुराणीची अरुंधती घरात सतत काहीतरी करत असायची आणि बाकीचे तिच्या डोक्यावरून बोलायचे. तिचं ऐकून घेणं, पदर खोचून आत जाणं, हसून वेळ मारून नेणं, यात सगळं होतं. आमच्या सासूबाई तेव्हा मालिका बघताना मधेच उठून जायच्या. कारण विचारलं तर ‘काही नाही, पाणी प्यायला’.

पुढे मात्र तीच अरुंधती दर दोन भागांना कुणाला ना कुणाला सुनवायला लागली. वाक्यं चांगली असायची, टाळ्या घेणारी. पण मला ती गप्प अरुंधती जास्त कळायची.

निवांत_पाटील
तुलनाच चुकीची आहे. एकीकडे आठवड्याला दोन प्रमाणे वीस भाग आणि संपलं. दुसरीकडे ‘आई कुठे’ डिसेंबर २०१९ ला सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ ला संपली. दीड हजाराच्या घरात भाग. मधे लॉकडाऊन. २०२१ च्या निर्बंधांत तर मराठी-हिंदी मालिकांची युनिटंच्या युनिटं गोवा, सिल्वासाकडे हलवावी लागली होती. रोज बावीस मिनिटं भरून द्यायची तर धाँ धाँ होणारच. वर मूळ गोष्ट बंगाली ‘श्रीमोयी’ची, म्हणजे तुमची गप्प अरुंधतीही आपली नव्हेच.

शेजारीण
@निवांत, गोष्ट बंगाली असेल, पदर खोचणं आपलंच होतं. :)

फणसाचा_गरा
‘होणार सून मी ह्या घरची’मध्ये जान्हवीचं बाळंतपण इतकं लांबलं होतं की ते बाळ सगळं न बोलता आतून ऐकत बसलं असणार. मूक अभिनयाचा पुरस्कार त्यालाच द्या.

टकाटक
हसून हसून पुरेवाट! ते बाळ आता कॉलेजात असेल.

कात्री
मी काही वर्षं मालिकांचं संकलन केलंय, म्हणून लिहायचं धाडस करते. मालिकेचं आणि चॅनेलचं नाव विचारू नका.

धाँ-धाँ कुठून येतं ते आधी सांगते. टेलिकास्ट अंगावर आलेलं असतं, बँक म्हणून एखादा भाग शिल्लक असला तर नशीब. सीन कापून झाले की भाग अडीच-तीन मिनिटं कमी भरतो. परत शूट करायला ना नट हजर, ना वेळ. मग सेटवर जादा घेऊन ठेवलेले लुक्स बाहेर काढायचे. दिग्दर्शकही हे ओळखून असतो, सीन झाला की प्रत्येकाला ‘आता नुसतं बघ’ म्हणून फिरवून घेतो. कशाकडे बघ, का बघ, काही नाही. ते बघणं नंतर कुठेही चिकटवता येतं.

पण खरं कारण हे नाही. मी एक सीन अगदी कोरा ठेवला होता. सून नोकरी सोडून आलीये, घरात कुणाला सांगितलेलं नाही, ती डबा घासतेय आणि सासू मागे उभी राहून बघतेय. रोज डबा येतो तसा रिकामा नाहीये, भाजी तशीच आहे. सासूला कळतं. बस. नळाचा आवाज तेवढा होता. चॅनेलकडून पहिला निरोप आला: इथे ऑडिओ गेलाय का? दुसरा निरोप आला: सासूच्या मनातलं वाक्य टाका.

मी कपाळावर हात मारून घेतला. तेव्हा एका वयस्कर लेखकाने समजावलं, ‘अगं, साडेसात-आठला बाई पोळ्या लाटत असते. ती मालिका बघत नाही, ऐकते. तू भाजी दाखवलीस, तिच्या हातात लाटणं आहे.’ तेव्हापासून मला आपल्या मालिकांचा राग येत नाही. ते श्रुतिकाच लिहितात. चित्र असतं ते घरातल्या इतरांसाठी.

मोगरा_७
कात्री, हे भारी आहे. असा कधी विचारच केला नव्हता.

अंजू_के
कात्रीला पूर्ण अनुमोदन. आमची आई भाजी निवडत, कुकर लावत ‘ठरलं तर मग’ ऐकते. सायली बोलतेय की अर्जुन, आवाजावरून कळतं, मधेच ‘अगं सांगून टाक ना एकदाचं’ असं किचनमधूनच ओरडते. पण गंमत सांगू? एखादवेळी टीव्हीचा आवाज अचानक बंद झाला की ती हातातलं सोडून धावत बाहेर येते. म्हणजे शांततेला गिऱ्हाईक आहे! लेखकांनी हे वापरायला हवं.

निवांत_पाटील
ती केबल गेली की काय हे बघायला येत असेल.

अंजू_के
हो, पण येते ना!

सदूकाका
आमच्या वेळचं सांगतो. ‘हम लोग’, ‘बुनियाद’ लागलं की चाळीत एकाच घरी टीव्ही, पंधरा-वीस माणसं जमिनीवर, आणि ब्र काढायची कुणाची हिंमत नव्हती. फाळणीत उद्ध्वस्त झालेलं ते कुटुंब बघताना बायका पदराने डोळे पुसायच्या. पोळ्या आधी उरकलेल्या असायच्या. तेव्हा बघणारा गप्प होता म्हणून पडद्यावरच्या माणसालाही गप्प बसता येत होतं.

आणि मुळात हे नाटकवाल्यांचं काम. विक्रम गोखल्यांचा पॉज बघितलाय का कधी थिएटरात? पुढचं वाक्य येईस्तोवर प्रेक्षागृहात कुणी खोकत नसे. ‘अग्निहोत्र’मध्येही त्यांना बघताना तेच वाटायचं. त्या मालिकेत दम होता. नाशिकचा वाडा, ती भावंडं, एकमेकांशी धड न बोलणारी.

बे_एरियाची_वेणू
काका, आदर राखून असहमत. ‘हम लोग’मध्ये दर भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन आज काय झालं आणि त्यातून काय घ्यायचं ते सगळं समजावून सांगायचे! तितकं बोलकं तर आजचं पार्श्वसंगीतही नाही. :)

आणि मोगरा, तुझ्या ‘रिप्लाय’लाही सोडत नाही. प्रत्येक भागाच्या शेवटी मोठी झालेली दोक-सन निवेदनात सगळा अर्थ उलगडून सांगतेच की. शिवाय कुणी फालतू विनोद केला आणि सगळे गप्प झाले की शेळी ओरडते. इतकी ‘मूक’ मालिका!

मोगरा_७
शेळी! हो, ती विसरलेच होते.
निवेदनाचं मान्य, पण एक फरक आहे बघ. तिथे आधी प्रसंग पूर्ण घडतो. आपण रडून मोकळे होतो, मग ती बोलते. आपल्याकडे प्रसंग सुरू व्हायच्या आत मनातलं वाक्य येतं, ‘आता जर यांना कळलं तर…’ मग पुढे बघायला काय उरलं?

बे_एरियाची_वेणू
हे पटलं.

अजून एक मुद्दा, कात्रीच्या ऐकण्याला जोडून. मला कोरियन येत नाही. त्यामुळे सबटायटल वाचायला डोळे पडद्यावर ठेवावेच लागतात. मराठी मालिका मी डिशवॉशर भरताना लावते, एक डोळा फोनवर. कोरियन लावली की फोन बाजूला, भांडी सिंकमध्ये तशीच. मग साहजिकच दोक-सनच्या ताटातला कोंबडीचा पाय बहीण-भावाकडे गेला की लगेच दिसतो. तो इथे कुणी मराठीत दाखवला असता तर मी त्या वेळी ताटल्या रचत असते. म्हणजे आपण कोरियन दिग्दर्शकाचं कौतुक करतोय त्यातलं थोडं श्रेय आपल्या न कळणाऱ्या भाषेला आहे.

सोलमधल्या बायकाही ती मालिका किमची चिरत ऐकत असतील, कुणी सांगावं.

मृदगंधा
वेणूशी सहमत. नवऱ्याने हिंदीत डब केलेली एक कोरियन मालिका लावली होती, तर मला ती अगदी आपल्यासारखीच वाटली. मी आरामात लसूण सोलला.

फणसाचा_गरा
म्हणजे उपाय सोपा आहे. मराठी मालिका तेलुगूत लावा आणि खाली मराठी सबटायटल.

गावठी_चहा
टीम जंग-ह्वान, म्हणजे दोक-सनवर गुपचूप प्रेम करणाऱ्या त्या शेजारच्या पोराच्या बाजूचं, इथे कुणी आहे का? बसमध्ये गर्दीत दोक-सनला धक्का लागू नये म्हणून हात रोवून उभा राहतो. सकाळी ती निघेपर्यंत दारात बुटाची नाडी परत परत बांधत बसतो. अख्खं प्रेम त्या नाडीत! आणि शेवटी मिळालं काय? मोगरा, शांततेचे गोडवे गाऊ नका. गप्प बसणाऱ्याचं काय होतं ते या मालिकेत स्वच्छ दाखवलंय.

मोगरा_७
अहो!! माझे तीन भाग राहिलेत!!!

गावठी_चहा
अरेरे. ताई, मी नवरा कोण ते कुठे सांगितलं?

मृदगंधा
आता सांगायचं शिल्लक काय ठेवलंत. तरी तेक गोड आहे, दुनिया एकीकडे. दिवसभर ‘गो’ या सोंगट्यांच्या बैठ्या खेळाचा पट मांडून बसणारा, बापाशी दोन शब्द न बोलणारा पोरगा. बापही तसाच, घड्याळांच्या दुकानात बसलेला. त्या दोघांच्या जेवणातली शांतता बघा, सासू-सुनेची शंभर भांडणं त्यापुढे फिकी.

गावठी_चहा
ती अंगठी टेबलावर ठेवून हसण्यावारी नेतो तो प्रसंग (मोगरा, डोळे मिटा) बघून मी दुसऱ्या दिवशी रजा टाकली होती. खोटं नाही.

टकाटक
धागा भरकटला. शेळी ओरडवा कुणीतरी.

ओसरी
थोडं वेगळं लिहिते. माझ्या सासऱ्यांना ऐकू येत नाही फारसं. यंत्र आहे, पण घालत नाहीत, शिट्टी वाजते म्हणतात. ते संध्याकाळी आवाज शून्यावर ठेवून सगळ्या मराठी मालिका बघतात आणि रात्री जेवताना मला गोष्ट सांगतात. नव्वद टक्के बरोबर! ‘ती निळ्या साडीतली लबाड आहे, मुलाचं दुसरीवर प्रेम आहे, म्हाताऱ्याला सगळं माहीत आहे पण तो बोलणार नाही.’ मी नंतर मोबाईलवर ताडून बघते तर तसंच.

मग तुम्ही कशाला म्हणताय की आपले लोक न बोलता गोष्ट सांगत नाहीत? सांगतात की. कात्री म्हणते तसं कानाला एकदा सांगतात, आणि माझ्या सासऱ्यांच्या अनुभवावरून, डोळ्यांनाही वेगळं एकदा सांगतात. तेच ते, दोनदा. दोन्ही एकदम बघणाऱ्याला म्हणून कंटाळा येतो.

आणि हो, मोगराने लिहिलेली ती आजीच्या मृत्यूची गोष्ट मी त्यांना आवाज आणि सबटायटल बंद ठेवून दाखवली. म्हणाले, ‘लग्न आहे का यांच्याकडे?’

कात्री
ओसरी, हा प्रतिसाद मला माझ्या जुन्या ऑफिसात फ्रेम करून लावायचाय.
सासरे चुकले नाहीतच. तो प्रसंग मुद्दाम तसाच रचलाय, पोरांचीही तीच गल्लत होते. आपल्याकडे प्रेक्षकाला अर्धा मिनिट चुकीचं समजलं तरी चालत नाही. मधूनच चॅनेल बदलून आलेल्या माणसालाही त्या क्षणी कोण चांगलं, कोण वाईट ते कळलं पाहिजे, हा नियमच असतो. मला वाटतं बोलण्या-न बोलण्यापेक्षा अडचण इथे आहे.

निवांत_पाटील
टीआरपीचं यंत्र कसं चालतं माहितीये का? टीआरपी मोजणाऱ्या ‘बार्क’ संस्थेचा मीटर चॅनेल ओळखतो तो आवाजावरून. चॅनेलच्या ध्वनीत आपल्याला ऐकू न येणारी एक खूण मिसळलेली असते, घरातला मीटर ती पकडतो. चित्राशी त्याला देणंघेणं नाही. म्हणजे मीटरसुद्धा मालिका ऐकतोच!

फणसाचा_गरा
मग शांत सीन टाकला तर मीटरला वाटणार टीव्ही बंद आहे. धाँ वाजवणाऱ्याला का दोष देताय, तो बिचारा पोट भरतोय.

नाशिकची_द्राक्षं
इतके प्रतिसाद झाले, एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. आपल्या घरातली शांतता मालिकांत येत का नाही? आमच्याकडे आईबाबांचं भांडण म्हणजे आवाज शून्य. मी मधे बसलेली. ‘बाबांना सांग, पान वाढलंय.’ बाबा दोन हातांवर. ‘आईला सांग, भूक नाही.’ मी पाचवीपर्यंत पोस्टमन होते. भांडण मिटलं हे कळायचं ते आईने बाबांच्या ताटात न विचारता तूप वाढलं की.

हे मालिकेत दाखवायला एक पैसा जास्त लागत नाही. ऐकून स्वयंपाक करणाऱ्या बाईलाही कळेल, कारण निरोप तर मोठ्याने सांगितले जातायत! राग तेवढा न बोललेला. कात्री, सांगा ना कुणाला तरी.

मृदगंधा
अगदी अगदी! आमच्याकडे भांड्यांच्या आवाजावरून कळायचं. डबे आपटले की साधा राग. अजिबात आवाज नाही म्हणजे पळा.

अंजू_के
आमच्याकडे अजून चालू आहे. फक्त आता पोस्टमनच्या जागी फॅमिली ग्रुप. आई ग्रुपवर लिहिते, ‘जेवण टेबलावर झाकून ठेवलंय, ज्याला जेवायचं त्याने जेवावे.’ बाबा अंगठा देतात. दोघं एकाच हॉलमध्ये बसलेले.

सदूकाका
आमची ही गेली पंधरा मिनिटं माझ्याशी बोलत नाहीये, कारण मी हा धागा वाचतोय. अशोक कुमारांबद्दल वेणूताईंचं बरोबर. पण गोखल्यांबद्दल मी एक पाऊल मागे येणार नाही.

बे_एरियाची_वेणू
काका, गोखल्यांबद्दल इथे कुणीच वाद घालत नाहीये. :) आधी आत जा.

कात्री
द्राक्षं, निरोपाची कल्पना खरंच चांगली आहे. कानाला पुरेसं काम, आणि अर्थ ज्याचा त्याने लावायचा. लिहिणाऱ्या दोघीतिघी ओळखीच्या आहेत, कानावर घालते. तुपाची वाटी मात्र राहील का माहीत नाही. राहिली तरी सहा दिशांनी दाखवतील.

मोगरा_७
मूळ प्रश्नाचं उत्तर अजून शेजारीणशिवाय कुणी धड दिलेलं नाही हे नम्रपणे नमूद करते. प्रसंग सांगा, मराठी मालिकेतला!

ओसरी
‘आभाळमाया’. नवऱ्याचं बाहेर प्रकरण आहे हे माहीत असलेली सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी कॉलेजात शिकवायला जायची, मुलींचं बघायची. नेमका भाग सांगता येणार नाही. पण ती पर्स खांद्याला लावून घराबाहेर पडायची तेव्हा आमच्या घरात आई बाबांकडे बघायची नाही. मी शाळेत होते, मला वाटायचं आईला मालिका इतकी आवडते की मान वळवायची नसते.

शेजारीण
हे कुठे लिहिलंस गं…

गावठी_चहा
+१. बाकी सुचत नाही काही.

टकाटक
‘रिप्लाय’ कुठे दिसते ते कुणी लिहिलंच नाही. कुटुंबाबरोबर बघण्यासारखी आहे का?

मोगरा_७
नेटफ्लिक्सवर. आहे, सगळ्यांनी बघण्यासारखी आहे. भाग लांबलचक असतात, दीड-दीड तासाचे, तेव्हा पोळ्या आधी करून ठेवा. आणि गावठी_चहांचे प्रतिसाद वाचू नका.